तेल-मीठ कमी, तरी मटण चवदार : अंबाडी, जवस आणि डाळीचा उपयोग



रविवारी सकाळी मटण आणले की घराघरांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पातेल्यात वाटीभर तेल पडते आणि त्यावर दुकानातल्या पाकिटाचा मसाला. वर तर्री आली नाही तर मटण जमले नाही असे मानले जाते. मग घरात कोणाचा रक्तदाब वाढला, कोणाला साखर निघाली की डॉक्टर तेल-मीठ कमी करायला सांगतात आणि त्या माणसाचे ताट वेगळे होते.

आमच्या महिला मंडळाच्या आरोग्य बैठकीत हा विषय वारंवार निघाला. आमच्यातील एकीच्या सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. त्यांच्यासाठी रविवारी वेगळे अळणी मटण शिजायचे. पहिल्याच रविवारी त्यांनी ताट सरकवले आणि म्हणाले, “सूनबाई, हे दवाखान्यातलं जेवण उचल.” पुढे ते अळणी मटण खाऊ लागले, पण सोबत दोन पापड आणि लोणच्याची फोड घेऊन. म्हणजे रश्श्यातून काढलेले मीठ दुसऱ्या वाटेने पोटात जातच होते.

तेव्हा आम्ही काही जणींनी ठरवले की वेगळे ताट करायचे नाही, सगळ्यांसाठी एकच पातेले लावायचे आणि त्यातच तेल-मीठ कमी करून चव राखायची. चार-पाच महिने आपापल्या घरी करून पाहिले. काही बिघडले, काही जमले. मटणात सहसा कोणी घालत नाही, किंवा पूर्वी घालत आणि आता विसरले, अशा काही वस्तू आमच्या उपयोगी पडल्या. त्यांची माहिती येथे देत आहोत.

चव नेमकी कशातून येते?

मसाल्यांचा वास तेलात उतरतो, म्हणून थोडे तेल लागतेच. पण त्यासाठी अर्धा किलो मटणाला दोन मोठे चमचे पुरतात. मटणाची स्वतःची चरबीही शिजताना रश्श्यात उतरते. दीडशे मिलिलीटरची वाटी भरून तेल घातले तर त्यातून सुमारे १२०० कॅलरी येतात. पाच माणसांत वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला अडीचशेच्या आसपास, तेही नुसत्या तेलातून.

मिठाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की प्रौढ माणसाने दिवसभरात सर्व पदार्थ मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. तयार मसाल्याच्या अनेक पाकिटांत मीठ आधीच मिसळलेले असते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते वाचावे. तसा मसाला घालून वर आपण पुन्हा मीठ घालतो.

तेल आणि मीठ कमी केले की जिभेला काहीतरी कमी वाटते. ती उणीव तीन गोष्टी भरून काढतात. पहिली आंबटपणा, कारण आंबट पदार्थात थोडे मीठही पुरेसे लागते. दुसरी भाजल्याचा खमंगपणा. तिसरी म्हणजे मटणाचा स्वतःचा अर्क, जो घाई न करता मंद आचेवर शिजवले तरच उतरतो. मान, नळी, पाया अशा चिवट भागांतील स्नायूबंध सावकाश शिजल्यावर विरघळतात आणि रस्सा आपोआप दाट होतो. हे भाग पुष्कळदा स्वस्तही मिळतात.

अंबाडीतले मटण

अंबाडीची भाजी आपण कण्या घालून करतो, वर लसणाची फोडणी देतो. तीच अंबाडी मटणात फार चांगली लागते. शेजारच्या तेलंगण-आंध्रात अंबाडीला गोंगुरा म्हणतात आणि तिकडे गोंगुरा घातलेले मटण हा मानाचा पदार्थ आहे.

साहित्य : अर्धा किलो मटण, निवडलेली अंबाडीची पाने १५० ग्रॅम, दोन कांदे, लसणाच्या १२-१५ पाकळ्या, इंचभर आले, हळद, चहाचे दोन चमचे तिखट, एक चमचा धणेपूड, दोन मोठे चमचे तेल आणि चहाचा पाऊण चमचा मीठ.

कांदा तेलात लाल होईपर्यंत परतावा. तेल कमी असल्याने तो तळाला लागेल. तेव्हा तेल न वाढवता पाण्याचा हबका मारावा. आले-लसूण, हळद आणि मटण घालून पाच-सात मिनिटे परतावे. अर्धे मीठ, तिखट, धणेपूड आणि गरम पाणी घालून कुकरची एक शिट्टी काढावी, मग आच मंद करून २०-२५ मिनिटे ठेवावे. दुसरीकडे अंबाडी पाच मिनिटे उकडून पाणी टाकून द्यावे आणि पाने घोटून घ्यावीत. मटण मऊ झाल्यावर ती त्यात घालून दहा मिनिटे उकळावे. उरलेले मीठ चव पाहून मगच घालावे. आमच्यातील बहुतेकींना ते सगळे घालावे लागले नाही.

आंबट पदार्थ जर्मनच्या पातेल्यात शिजवू किंवा ठेवू नये, कारण आंबटामुळे तो धातू अन्नात उतरतो. स्टीलचे किंवा मातीचे भांडे वापरावे. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी अंबाडी, चुका, पालक वारंवार खाऊ नये. त्यांच्यासाठी आंबटपणाला कैरी, चिंच किंवा टोमॅटो वापरता येतो.

येसर, जवस आणि कारळे

रस्सा दाट करण्यासाठी आपण भरपूर सुके खोबरे वाटतो. खोबऱ्यातली बरीचशी चरबी संपृक्त प्रकारची असते; हृदयाचा त्रास असलेल्यांनी ती मर्यादित ठेवावी असे डॉक्टर सांगतात. मराठवाड्यात यावर जुना उपाय आहे, तो म्हणजे येसर. भाजलेली धान्ये, डाळ आणि मसाले दळून केलेले हे पीठ आमटीत लावतात, तसे मटणाच्या रश्श्यालाही लावता येते.

आम्ही केलेले प्रमाण असे : दोन मोठे चमचे ज्वारी आणि हरभरा डाळ, जवस, तीळ प्रत्येकी एक चमचा. सर्व वेगवेगळे कोरडे भाजावे. जवस तडतडायला लागले की लगेच उतरवावे, जळले तर कडू होते. जवसाऐवजी कारळेही चालतात, रश्श्याला काळसर रंग येतो. दोन-तीन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि थोडे दगडफूल भाजून त्यात मिसळावे आणि बारीक पूड करावी. अर्धा किलो मटणाच्या रश्श्याला दोन-तीन चमचे पूड पुरते. ती आधी थंड पाण्यात कालवून मग उकळत्या रश्श्यात सोडावी, नाहीतर गुठळ्या होतात. आमच्यातील एकीची पहिली खेप अशीच गुठळ्यांची झाली होती.

कांदा तेलात तळण्याऐवजी सालीसकट विस्तवावर किंवा गॅसवर भाजून वाटला तर तेल न घालता खमंगपणा मिळतो. वरची काळी साल मात्र काढून टाकावी.

नागपूरकडच्या सावजी रश्श्यात जवसाचे तेल वापरण्याची जुनी रीत आहे. म्हणजे मटण आणि जवस ही जोडी आपल्याला नवी नाही. जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३ मेद आणि चोथा दोन्ही असतात.

डाळ घातलेले मटण : सर्वांच्या ताटात सारखे

आता जरा स्पष्ट बोलू. आपल्या अनेक घरांत मटण वाढताना फोडी आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातात. बाई शेवटी जेवते, तिच्या वाट्याला रस्सा आणि एखादे हाडूक येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. ज्या अन्नात लोह सर्वांत सहज पचणाऱ्या रूपात असते, तेच अन्न तिच्यापर्यंत पोचत नाही.

मांसातले लोह शरीर सहज घेते. डाळी आणि पालेभाज्यांतले लोह तेवढे सहज शोषले जात नाही. पण त्यांच्यासोबत थोडे मांस असेल तर त्यांचेही लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. म्हणून थोड्या मटणात डाळ आणि भाजी घालणे हे पैसे वाचवण्यापुरते नाही, ते पोषणाच्या दृष्टीनेही योग्य आहे.

मराठवाडा आणि हैदराबादकडे ‘दालचा’ करतात, तो हाच प्रकार. अर्धा किलो मटणाला एक वाटी हरभरा डाळ तासभर भिजवून घ्यावी. मटण अर्धे शिजले की डाळ आणि दुधीच्या मोठ्या फोडी घालाव्यात. डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच चिंचेचा कोळ घालावा. आंबट आधी पडले तर डाळ शिजत नाही. वरून लसूण-जिऱ्याची एक चमचा तेलाची फोडणी आणि कोथिंबीर. यात सात-आठ माणसे पोटभर जेवतात. दुधीऐवजी शेवग्याच्या शेंगाही घालता येतात. कोंबडीच्या रश्श्यात तर शेंगांचा स्वाद फारच छान उतरतो.

पातेले उतरल्यावर आधी सर्वांची ताटे एका रांगेत मांडावीत आणि फोडी मोजून सारख्या वाढाव्यात. ही रीत आम्ही घरी सुरू केली. पहिल्या दिवशी हसणारे होते, आता मुलेच मोजतात.

कलेजी आणि मेथी

कलेजीत लोह, बी-१२ आणि फोलेट ही रक्तवाढीला लागणारी द्रव्ये भरपूर असतात. तिचा उग्र वास अनेकांना आवडत नाही, मेथीने तो मोडतो. एक मोठा चमचा तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा परतून पाव किलो कलेजीच्या लहान फोडी घालाव्यात. पाच मिनिटांनी वाटीभर चिरलेली मेथी घालून आणखी तीन-चार मिनिटे परतावे. फोड कापून पाहावी. आत रक्ताचे पाणी दिसू नये. फार वेळ ठेवली तर ती रबरासारखी होते. मीठ शेवटी घालावे. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळावे. लिंबातले क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते आणि मेथीतले लोह शोषले जाण्यासाठी ते हवे असते. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. तासाभराने घ्यावा.

कलेजीत अ जीवनसत्त्व फार असते, त्यामुळे गरोदर स्त्रियांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी टाळावी. इतरांनीही आठवड्यातून एकदापेक्षा जास्त खाण्याचे कारण नाही.

चिवट मटणासाठी कच्ची पपई

मटण जून निघाले तर कच्च्या पपईचा तुकडा वाटून चहाचा एक चमचा अर्ध्या किलोला चोळावा आणि अर्धा तास ठेवावे. पपईतील पेपेन हा पाचक घटक मांसाचे तंतू तोडतो. जास्त वेळ किंवा जास्त प्रमाणात लावल्यास मटणाचा लगदा होतो. घरात गरोदर स्त्री असेल तर पपईऐवजी दही लावावे. उन्हाळ्यात मटण मुरत ठेवायचे तर फ्रिजमध्येच ठेवावे.

आपल्याच आजीचे ज्ञान

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाण्याची नोंद त्यात आहे. आपल्या आज्यांच्या चुलीवर तेल नावालाच असे, कारण ते परवडत नव्हते. जातिव्यवस्थेने लादलेली ती गरिबी होती आणि तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण मुंडी, वजडी, पाया रांधताना, रानातला पाला आणि मूठभर पीठ वापरताना त्यांनी जे शोधले ते खरे पाककौशल्य होते. हातात पैसा आला तेव्हा त्या सवयींना आपण हलके समजून बाजूला टाकले आणि तर्रीला मोठेपणा दिला. ते कौशल्य पुन्हा शिकायला कमीपणा नाही. घरातील वयस्क बायांना विचारा आणि त्या सांगतील ते वहीत लिहून ठेवा.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मांस आणि डाळीचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. रक्तदाबाची गोळी कोणत्याही पदार्थामुळे स्वतःहून बंद करू नये. आहार बदलणे ही औषधाला जोड आहे.

सुरुवातीला ज्या सासऱ्यांचा उल्लेख केला, त्यांना अंबाडीतले मटण वाढले तेव्हा त्यांनी विचारले, “आज मीठ घातलंय का गं?” पाच माणसांच्या पातेल्यात अर्धा चमचा पडले होते. त्या दिवशी त्यांनी पापड मागितला नाही. आता त्यांच्या घरी रविवारी एकच पातेले चढते आणि सगळे एकाच रांगेत जेवायला बसतात.