निसर्गाचा कोप की व्यवस्थेचे पाप?

सोलापूर म्हणजे दुष्काळ, हे समीकरण पिढ्यान् पिढ्या आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून पोट भरलेली माणसे आजही आपल्या वस्त्यांत आहेत. त्याच जिल्ह्यात ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी झाली आणि पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण ठार झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळ ते दक्षिण सोलापूरपर्यंत हाहाकार माजविला. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात माणसे वाचविण्यासाठी बोटी आणाव्या लागल्या.

हे का घडले, असे विचारले की 'निसर्गाचा कोप', 'देवाची अवकृपा' अशी उत्तरे मिळतात. अमेरिकेतील येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांनी २०२१-२२ मध्ये भारतात एक पाहणी केली. जागतिक तापमानवाढीविषयी थोडेच माहीत आहे किंवा कधी ऐकलेलेच नाही, असे ५४ टक्के लोकांनी सांगितले. मात्र थोडक्यात अर्थ समजावून सांगताच, ती होत आहे असे ८४ टक्के लोक म्हणाले. याचा अर्थ काय? जनता अडाणी नाही. अनुभव तिच्याजवळ आहे, पण त्या अनुभवामागचे कारण तिच्यापर्यंत कोणी पोहोचविलेच नाही.

कारण साधे आहे. कोळसा, डिझेल जाळून हवा तापते आणि तापमान १ अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते बाष्प थोड्या तासांत कोसळले की ढगफुटीसारखा पाऊस होतो. प्रत्येक पावसाचे खापर हवामान बदलावर फोडता येणार नाही. पण असा पाऊस वाढण्यामागे तो आहे, हे विज्ञान सांगते. कारणाशिवाय काहीच घडत नाही, ही तर तथागतांची शिकवण आहे.

परंतु आता दुसरा धोका उभा आहे. काल 'देवाची करणी' म्हणून हात झटकणारे उद्या 'हवामान बदल' म्हणून हात झटकतील. नदीपात्रातील अतिक्रमणे, बुजविलेले ओढे, धरणातून पाणी सोडण्याचे नियोजन आणि वेळेवर न पोहोचलेला इशारा, हे काय आभाळातून पडले? १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी पुराला नशीब मानले नाही. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी केली. पूर हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे, हे त्यांनी कृतीतून दाखविले.

आमचा प्रश्न इथेच आहे. पिकाची भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्या शेतमजुराच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा कोण करणार? उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेल्यावर पत्र्याखाली राबणाऱ्या यंत्रमाग कामगाराचे, घरात विड्या वळणाऱ्या भगिनीचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहिणार? हवा तापविण्यात ज्यांचा वाटा सर्वांत कमी, त्यांनाच सर्वांत जास्त किंमत मोजावी लागावी, हा कुठला न्याय?

१९७२ च्या दुष्काळानंतर कष्टकऱ्यांनी रेटा लावला, म्हणूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. दुष्काळात काम मागणे ही भीक नसून हक्क आहे, हे महाराष्ट्राने मान्य केले. मग पुरात आणि उष्णतेच्या लाटेत बुडालेल्या मजुरीची भरपाई हा हक्क का असू नये?

बांधवांनो, लोकमत आपोआप तयार होत नसते, ते घडवावे लागते. बुद्धविहारात, तरुण मंडळात, महिला मंडळात हा विषय घ्या. पुढच्या ग्रामसभेत भूमिहीनांच्या नुकसानीचा ठराव मांडा. कोपाला जाब विचारता येत नाही, व्यवस्थेला विचारता येतो. तो विचारण्यासाठी आता संघटित झाले पाहिजे.