माउंट केलेल्या फाइल प्रणालींची माहिती मिळवणे

माउंट केलेल्या फाइल प्रणालींची माहिती मिळवणे म्हणजे सध्या कोणती फाइल प्रणाली कोठे जोडलेली आहे, तिचा प्रकार कोणता व तीत किती जागा शिल्लक आहे, हे प्रोग्रॅममधून कार्यप्रणालीला विचारणे होय. बॅकअप घेणारे, डिस्कवर देखरेख ठेवणारे व फाइल व्यवस्थापक प्रोग्रॅम या माहितीवर अवलंबून असतात.

पार्श्वभूमी

युनिक्स व तत्सम प्रणालींत सर्व फाइली एकाच वृक्षरचनेत असतात. दुसरी डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कवरील साठा त्या वृक्षातील एखाद्या डिरेक्टरीशी जोडण्यास माउंट करणे म्हणतात आणि त्या डिरेक्टरीस माउंट बिंदू म्हणतात. डिस्क जोडलेली नसली तरी ही डिरेक्टरी अस्तित्वात असते. अशा वेळी खातरजमा न करता घेतलेला बॅकअप मूळ डिस्कवरच लिहिला जातो व ती भरून जाऊ शकते.

लिनक्समधील पद्धत

'/ईटीसी/एफएसटॅब' या फाइलीत काय माउंट करावयाचे याची नोंद असते. प्रत्यक्ष काय माउंट झाले आहे हे कर्नल '/प्रॉक/माउंट्स' मध्ये दाखवते. त्यातील ओळ पुढीलप्रमाणे असते:

/डेव्ह/एसडीबी१ /मीडिया/माझी\०४०कागदपत्रे व्हीफॅट आरडब्ल्यू ० ०

यात अनुक्रमे उपकरण, माउंट बिंदू, प्रकार, पर्याय व दोन अंक येतात. रकाने मोकळ्या जागेने विभागलेले असल्यामुळे नावातील मोकळी जागा '\०४०' अशी लिहिली जाते. सी भाषेत 'सेट-एमएनटी-एंट' या फंक्शनने फाइल उघडतात, 'गेट-एमएनटी-एंट' एकेक नोंद देते व 'एंड-एमएनटी-एंट' फाइल बंद करते. ही फंक्शने सांकेतिक चिन्हे उलगडून मूळ नाव परत करतात.

कर्नल २.६.२६ (२००८) पासून 'माउंटइन्फो' ही अधिक तपशीलवार फाइल उपलब्ध झाली. कर्नल ६.८ (२०२४) मध्ये 'लिस्टमाउंट' व 'स्टॅटमाउंट' या सिस्टिम कॉलची भर पडली.

जागेचा हिशेब

पॉझिक्स मानकातील 'स्टॅटव्हीएफएस' हे फंक्शन खंडांची संख्या व आकार देते; दोहोंच्या गुणाकाराने जागा मिळते. एकूण मोकळे खंड व सामान्य वापरकर्त्यास उपलब्ध खंड या दोन वेगळ्या संख्या आहेत. ईएक्सटी४ मध्ये सामान्यतः ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखीव असल्याने दुसरी संख्या कमी भरते.

अन्य कार्यप्रणाली

बीएसडी व मॅकओएसमध्ये 'गेट-एमएनटी-इन्फो' हे फंक्शन सर्व नोंदी एकत्रित देते. विंडोजमध्ये 'गेट-लॉजिकल-ड्राइव्ह-स्ट्रिंग्ज' ड्राइव्हची यादी व 'गेट-व्हॉल्यूम-इन्फर्मेशन' त्यांचा तपशील पुरवते.

मर्यादा

मिळालेली यादी ही त्या क्षणाची स्थिती असते. वाचनानंतर लगेच पेन ड्राइव्ह काढला जाऊ शकतो. लिनक्समध्ये प्रत्येक प्रक्रियेचा माउंट नामावकाश वेगळा असू शकतो, त्यामुळे कंटेनरमधील प्रोग्रॅमला यजमान संगणकाची यादी दिसेलच असे नाही. नेटवर्कवरील सर्व्हर बंद असल्यास 'स्टॅटव्हीएफएस' दीर्घकाळ अडकून पडू शकते. म्हणून देखरेख करणारे प्रोग्रॅम आधी प्रकार तपासतात व नेटवर्क प्रणाली स्वतंत्रपणे हाताळतात.