काटकसरीचा प्रवास : इजिप्तमधील एक धडा

परदेशप्रवास हा श्रीमंतांचा शौक होय, असा समज आपल्या व्यापारी बांधवांत रूढ आहे. बेळगावच्या बाजारात धान्याचा घाऊक व्यापार करीत असता आमचाही तोच ग्रह होता. २०२४ च्या जानेवारीत आम्ही उभयता इजिप्त पाहून आलो आणि तो दूर झाला.

कैरो शहरात आम्ही मोटार न करता मेट्रोने हिंडलो. लक्सर तेथून सुमारे साडेसहाशे किलोमीटर. तो प्रवास आगगाडीने केला. उतरावयास साधी खोली घेतली. आहाराची चिंता होती, परंतु दशम्या व मेतकूट सोबत होते आणि तो देशही कडधान्याचा निघाला. शिजविलेल्या बाकल्याचे ‘फूल’ व रोटी सकाळी सर्वत्र मिळे. तांदूळ, मसूर व हरभऱ्याची ‘कोशारी’ आम्ही कांदा-लसूण वगळून मागून घेत असू.

लक्सरला नाईल ओलांडण्यास स्वस्त फेरीबोट आहे. एके सकाळी ती चुकली, म्हणून एका वृद्ध होडीवाल्याशी घासाघीस करून जाण्यायेण्याचे भाडे निम्म्यावर आणले. त्या सौद्याचा आम्हांस अभिमानच वाटला.

पैलतीरी दुसऱ्या रामसेसचे रामेसियम नावाचे देवालय आहे. त्यामागे कच्च्या विटांच्या कमानदार कोठारांच्या रांगा तीन हजारांहून अधिक वर्षे उभ्या आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यास ते तीर्थक्षेत्रच! जवळच देर अल्-मदीना हे राजांच्या कबरी खोदणाऱ्या व रंगविणाऱ्या कारागिरांचे गाव. त्यांचे वेतन धान्यात मिळे. सामान्य कारागिरास दरमहा त्या काळच्या मापाची चार पोती गहू व दीड पोते जव. हा गहू म्हणजे आपल्याकडे पिकते ती खपलीच. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, इ. स. पूर्व बाराव्या शतकात, हे धान्य थकले. तेव्हा उपाशी कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते देवालयांपाशी जाऊन बसले. त्यांत हे रामेसियमही होते. अखेर थकलेले धान्य देणे भाग पडले. ही हकीकत लिहिलेला पपायरस इटलीत तुरीन येथे जपलेला आहे.

ती कोठारे पाहताना आम्हांस सकाळचा होडीवाला आठवला. सायंकाळी त्याने प्रथम मागितलेली पूर्ण रक्कम आम्ही त्याच्या हातावर ठेवली. तो चकित झाला. त्याच्या भाषेत कारण सांगणे आम्हांस साधले नाही.

स्वतःच्या सुखसोयी कमी करणे ही काटकसर होय. दुसऱ्याची मजुरी कमी करून वाचविलेला पैसा त्या सदरात मांडता येत नाही. आमच्या गोदामावरील हमालांची दरवाढीची मागणी आम्ही दोन वर्षे लांबणीवर टाकीत आलो होतो. परतल्यावर ती प्रथम मान्य केली आणि मग प्रवासखर्चाचा हिशेब लिहावयास बसलो.