आत्यांना बघायचे होते मुंबईचे दिवे

दिवाळीच्या सुट्टीत मुंबई बघायला जायचं ठरलं आणि आमच्या घरात आठ दिवस दुसरा विषयच नव्हता. आम्ही मुळशी तालुक्यातल्या चांद्याचे. हिंजवडीचं आयटी पार्क आता जवळ आलंय, पुणं तर रोजचंच. पण मुंबई? ती आमच्यासाठी लग्नकार्याला, नाहीतर कुणाच्या दहाव्याला जाण्याची जागा. सकाळी जायचं, संध्याकाळची गाडी पकडायची. बघायला म्हणून आम्ही मुंबईला कधी गेलोच नव्हतो.

तर वही घेऊन बसलो. धाकट्याला राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे होते. थोरली यंदा नववीला, तिला मरीन ड्राइव्हवर फोटो काढायचे होते. आमच्या ह्यांना गेट वे आणि बोटी. मला सिद्धिविनायक. यादी झाली, खर्चाचा अंदाज झाला, दोन रात्री कुणाकडे उतरायचं तेही ठरलं. सासूबाई तिथंच बसून डाळ निवडत होत्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांना कुणी काही विचारलंच नाही. वय शहात्तर, गुडघे दुखतात, आणि गोठ्यात म्हैस. त्या घरीच राहणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

सुपातली डाळ पाखडता पाखडता त्या म्हणाल्या, "मला बी न्या. मला मुंबईचं दिवं बघायचंत."

आम्ही सगळेच हसलो. धाकटा म्हणाला, "आज्जी, दिवे तर आपल्याकडे पण आहेत की!" आत्या काहीच बोलल्या नाहीत. पण त्या रात्री मला झोप लागेना. अठरा वर्षांत या बाईनं माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवेना. सकाळी ह्यांना सांगितलं, "पाचवं तिकीट काढा." म्हैस जाऊबाईंवर सोपवली.

पहाटे साडेचारला पिठलं-भाकरी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं बांधून निघालो. पुण्याहून सव्वासातची डेक्कन क्वीन. १९३० पासून धावणारी ही गाडी. ह्यांनी मुलांना तिचा डायनिंग कार दाखवला, पण आमची शिदोरी सुटल्यावर तिथं जायची कुणाला गरज वाटली नाही. खंडाळ्याच्या घाटात मुलं बोगदे मोजत होती. आत्या मात्र खिडकीतून खाली खोपोलीकडे बघत होत्या. "हितं बी पाणी पाडून वीज करत्यात म्हणं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, कुठूनतरी ऐकलं असेल. गोष्ट खरीच आहे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ मध्ये तिथं वीजघर सुरू झालं, ते मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला.

उतरलो लोअर परळला, आत्यांच्या चुलतभावाच्या घरी. आमच्या मुळशी-मावळातल्या कितीतरी घरांची मुंबईशी ओळख डब्यामुळे झाली. हे मामाही जन्मभर डबेवाले होते. चाळीतली एकच खोली. तिथं त्यांची माणसं आणि आम्ही पाच जण. मामी म्हणाल्या, "अगं, मनात जागा असली की झालं!" आणि खरंच झालं. पाहुण्याला टॅक्सीपर्यंत सोडायला अर्धी चाळ खाली येते, हे मी तिथंच पाहिलं.

पहिला दिवस मुलांचा. राणीची बाग म्हणजे आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पेंग्विन बघून धाकटा काचेला नाक लावून जो उभा राहिला, तो हलेचना. आत्या म्हणाल्या, "हे तर आपल्या गावच्या वकिलागत दिसतंय, काळा कोट घालून!" (मैत्रिणींनो, एक लक्षात ठेवा, बुधवारी बाग बंद असते. नाहीतर लेकरांचा हिरमोड व्हायचा.) संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस समोरच्या फुटपाथवरून निवांत पाहिलं. सकाळी गाडीतून उतरताना सामान मोजण्याच्या नादात त्या इमारतीकडे मान वर करून बघितलंही नव्हतं! २००४ मध्ये ही इमारत जागतिक वारशात गेली. दगडातला तो मोर, ती माकडं, ती पानंफुलं बघताना आमच्या ह्यांची मान दुखायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीनं सिद्धिविनायकाला निघालो. थोरली खिडकीतून पाट्या मोठ्यानं वाचत होती. एका चौकात तिनं वाचलं, "सेनापती बापट मार्ग."

आत्या एकदम पुढे झाल्या. "काय म्हन्लीस? पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. आत्या टॅक्सीवाल्याला म्हणाल्या, "जरा थांब रं बाबा." त्या गर्दीत तो कुठला थांबतोय! तेव्हा आत्यांनी बसल्या जागेवरूनच त्या पाटीला हात जोडले. देवाला अजून पोचलोही नव्हतो.

मग देवळाच्या रांगेत उभ्या उभ्या त्यांनी जे सांगितलं, ते मी अठरा वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकलं.

आत्यांचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी. त्यांचे वडील तेव्हा आठ-दहा वर्षांचे होते. शाळेत आपण दोन ओळी शिकलेलो असतो, मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांच्या वीज योजनेसाठी मुळा नदीवर धरण बांधायचं ठरलं. भाताची खाचरं, घरं, देवळं पाण्याखाली जाणार म्हणून मावळे उठले. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. बायकाही त्यात होत्या. लोक तुरुंगात गेले. पांडुरंग महादेव बापट मूळचे पारनेरचे, पण आमच्या मुळशीनं त्यांना 'सेनापती' केलं. १९२४ पर्यंत लढा चालला. शेवटी धरण झालंच, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

"आमचं दादा सांगायचं," आत्या म्हणाल्या, "आपल्या घरावरून पाणी गेलं आन् मुंबईत दिवं लागलं. आमच्या घरात मातुर मी लगीन होऊन निघंस्तवर राकेलची चिमणीच हुती. दादांना लई वाटायचं, एकदा जाऊन बघावं, कसलं दिवं लागल्यात ते. न्हाई जमलं त्यांना."

म्हणून त्यांना मुंबईचे दिवे बघायचे होते. आणि आम्ही हसलो होतो.

दर्शन झालं. मी काय मागितलं ते आता आठवत नाही. दुपारी गेट वेला गेलो. बादशहा पंचम जॉर्ज १९११ मध्ये या धक्क्यावर उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. ती पुरी झाली १९२४ मध्ये. ह्यांनी ही माहिती वाचून दाखवली आणि माझ्या मनात आलं, म्हणजे तेच साल! इकडे कमान उभी राहत होती, तेव्हा तिकडे आमच्या लोकांचा लढा संपत होता. मुलं मांडव्याला जाणाऱ्या लाँचकडे बघत होती. मांडवा म्हणजे अलिबागची बाजू, माझ्या रायगड जिल्ह्याची. मला माहेरची आठवण आली, पण तेवढीच.

पाच वाजता मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसलो. थोरलीचे पन्नास फोटो काढून झाले. आत्यांनी चप्पल काढून पाय वर घेतले, पदर सावरला आणि वाट बघत बसल्या. त्या समुद्राकडे बघत नव्हत्या, खांबांकडे बघत होत्या. सूर्य बुडाला. मग दिवे लागले, या टोकापासून पार मलबार हिलपर्यंत. लोक याला राणीचा हार म्हणतात.

मला वाटलं, आत्या रडतील. त्या रडल्या नाहीत. बराच वेळ बघून म्हणाल्या, "चांगलं हायेत. लई चांगलं हायेत." आणि मग म्हणाल्या, "दादांना दावायला पायजे हुतं."

आता हेही खरं की आजच्या मुंबईला कितीतरी ठिकाणांहून वीज येते. या अवाढव्य शहराच्या गरजेत भिऱ्याची वीज कितीशी! पण मी ते बोलले नाही. भिऱ्याचं वीजघर आजही चालू आहे, म्हणजे त्या हारातला एखादा दिवा आत्यांच्या माहेरचा असेलच की.

तिथून गिरगाव चौपाटीला आलो. मुलं भेळेच्या गाडीकडे पळाली. मी आत्यांचा हात धरून पाण्यापर्यंत नेलं. त्यांनी वाकून ओंजळ बुडवली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

माझं माहेर कोलाडजवळ, कुंडलिका नदीच्या काठचं. आमच्या नदीला भर उन्हाळ्यातही पाणी. लहानपणी ठाऊक होतं, वरून भिऱ्याचं पाणी सुटलं की नदी चढते, तेव्हा धुणं आवरून वर यायचं. ते पाणी कुठून येतं, हे मी कधी विचारलंच नाही. मुळा खरं तर पूर्वेला वाहणारी नदी, पुण्याकडे जाणारी. धरणानं तिचं पाणी पश्चिमेला वळवलं, सह्याद्रीवरून भिऱ्याला खाली सोडलं. वीज करून झाली की ते आमच्या कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याला समुद्राला मिळतं. तालुक्यात टँकर आला, विहिरी आटल्या, की मी सासरी मोठ्या तोऱ्यात म्हणायचे, "आमच्या कुंडलिकेला बारमाही पाणी!" आत्या तेव्हा गप्प व्हायच्या. मला वाटायचं, सुनेच्या माहेरचं कौतुक सासूला कुठं आवडतंय! ते पाणी त्यांच्या माहेरावरून येत होतं हो...

चौपाटीवर उभं राहून मी हे सगळं त्यांना सांगितलं. माझा आवाज कापत होता. आत्यांनी ऐकून घेतलं, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "अठरा वर्सं झाली तुला येऊन. आन् आज सांगतीस व्हय?"

मग आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यात मला मिळालेली माफीसुद्धा होती, असं मी समजते.

मैत्रिणींनो, सहलीच्या आधी आपण तिकिटं बघतो, हॉटेल बघतो, हवामान बघतो. यादी करताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा, "तुम्हाला काय बघायचंय?" सोबत गुडघ्याचा बेल्ट, गोळ्या, पाण्याची बाटली घ्या. लोकलची गर्दीची वेळ टाळा. दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा, तिसरं राहिलं तर राहू द्या. आमचा म्हातारीचा बूट राहिला, कुणाचं काही अडलं नाही.

परतीच्या गाडीत मुलं झोपली. आत्या जाग्याच होत्या. कर्जत मागे पडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्या म्हायेरची ती नदी... उन्हाळ्यात न्यायची का मला?"

मे महिन्यात ताम्हिणी घाटानं जायचं ठरलंय. वाटेत मुळशीचं धरण लागतं. तिथं थोडा वेळ थांबायचं, मग खाली कुंडलिकेवर. या वेळी वहीतलं पहिलं नाव आत्यांचं आहे. म्हैस पुन्हा जाऊबाईंकडे.