विग हाही उपचारच
आरोग्याचा हक्क : भाग 9

केमोथेरपीचा खर्च सरकारी योजनेतून कसा मिळतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्या योजनेत न आलेल्या एका गोष्टीबद्दल.

डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल ही औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात आणि केसांच्या मुळाशी असलेल्याही. म्हणून पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर केसांचे झुबके दिसू लागतात. उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस परत येतात. पण मधल्या महिन्यांत कामावर, लग्नाकार्याला, मुलांच्या शाळेत जावंच लागतं. पदर जरा सरकला की न सांगितलेला आजार चारचौघांत उघड होतो. चाईचं दुखणं वेगळं. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते आणि सगळं डोकं मोकळं झालं तर केस परत येण्याची खात्री नसते.

अहिल्यानगरजवळच्या भिंगारमधल्या कुटुंबाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्यात केमोथेरपी आहे, विग नाही. दिव्यांगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत कृत्रिम पाय, श्रवणयंत्र मिळतं. केस गेलेल्यांना तिथेही जागा नाही. विग म्हणजे नटण्यामुरडण्याची वस्तू, हा समज त्यामागे आहे आणि तो मला अन्यायाचा वाटतो. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून विग मिळतो. मुलांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये त्याला शुल्कच नाही.

केसांची तर आपल्याकडे वाण नाही. गुंतवळ साठवून फेरीवालीला देणाऱ्या आज्या अनेकांना आठवत असतील. तिरुमलाला वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो आणि भारतातून केस जगभर जातात. 2022 मध्ये सरकारला त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. खऱ्या केसांचा विग मात्र हजारोंच्या घरात जातो, रोजंदारीवर जगणाऱ्या घराला तो परवडत नाही. मुंबईतली 'कोप विथ कॅन्सर' ही संस्था दान केलेल्या केसांचे विग रुग्णांना देते. फार मोलाचं काम आहे हे. पण हक्क म्हणून जे मिळायला हवं, ते देणगीदारांच्या भरवशावर किती दिवस ठेवायचं?

2024 च्या अखेरीस बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळून गेले. पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. कारण शोधणं गरजेचंच होतं. पण ज्यांचं डोकं उघडं पडलं, त्यांना तोवर लोकांत जायचा आधारही हवा होता.

मागणी साधी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेला विग योजनेच्या यादीत यावा, पुरुषांना आणि मुलांनाही मिळावा. कोणाला तो थोडेच महिने लागतो, म्हणून जिल्हा रुग्णालयात स्वच्छ करून पुन्हा देता येतील असे विग ठेवावेत. भिंगारची छावणी परिषद संरक्षण मंत्रालयाकडे असली, तरी या योजनेचा कारभार मुंबईतली राज्य आरोग्य हमी सोसायटी पाहते. अर्ज तिथेच करायचा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानाचं कोटेशन आणि उत्पन्नाचा दाखला जोडा, पोच घ्या आणि नकार आला तर तो लेखी मागा. असे नकार कागदावर जमले, की आमदारांना विधानसभेत प्रश्न विचारायला भक्कम आधार मिळतो.