हवेसंबंधीं राष्ट्रांचे करार व शेतकरी

जगांतील राष्ट्रांचे प्रतिनिधि दरवर्षीं कोठें तरी एकत्र जमतात, पंधरा दिवस वाद घालतात, आणि अखेरच्या रात्रीं एका कागदास कशीबशी संमति देऊन आपापल्या घरीं जातात. 2020 सालीं साथीमुळें पडलेला खंड सोडला तर हा क्रम 1995 च्या बर्लिन येथील सभेपासून चालू आहे. हवामानबदलासंबंधींच्या या सभांच्या बातम्या आमचे शेतकरी बंधु वाचतात व पान उलटतात. त्यांत त्यांचा दोष नाहीं. कारण या बातम्यांत वीज, कोळसा व मोटारी यांचीच चर्चा असते, शेताचें नांव क्वचितच निघतें. परंतु ज्या मूळ करारावर हा सर्व व्यवहार उभा आहे, त्याच्या दुसऱ्याच कलमांत शेत आहे. 1992 सालीं ब्राझीलमधील रिओ-द-जानेरो येथें सह्यांसाठीं ठेवलेल्या व 1994 च्या मार्चमध्यें अमलांत आलेल्या या करारांत असें म्हटलें आहे कीं, उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंचें हवेंतील प्रमाण अशा बेतानें स्थिर करावें कीं अन्नोत्पादनास धोका पोंचूं नये. तेव्हां या करारानें पुढें काय साधलें, हें विचारण्याचा अधिकार शेतकऱ्यास इतर कोणाहून कमी नाहीं.

हवेचें गणित थोडक्यांत असें. कोळसा व खनिज तेल जाळल्यानें जो कार्बन डायऑक्साइड निघतो (यापुढें त्यास आम्ही कर्बवायु म्हणूं), त्याचा मोठा भाग हवेंत शेंकडों वर्षें राहतो व पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता अडवितो. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनीं 1896 सालींच याचा हिशेब मांडला होता. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें 280 भाग होता. 1958 सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हां सुमारें 315 भरला. आज तो 420 च्या वर गेला आहे. यांत ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट ही कीं, हा सांठा आहे. ज्या विहिरीचें पाणी सारा गांव पितो तींत आज कोणीं किती घाण टाकली, एवढेंच पाहून भागत नाहीं. दीडशें वर्षें कोण टाकीत आला तेंही पाहावें लागतें. राष्ट्राराष्ट्रांतील भांडणाचें मूळ येथें आहे.

1992 च्या करारानें हा न्याय तत्त्वतः मान्य केला. जबाबदारी सर्वांची, परंतु सारखी नव्हे; ज्यांची ऐपत अधिक त्यांनीं प्रथम पुढें व्हावें. 1997 सालीं जपानमधील क्योटो येथें या न्यायास आंकडे लावण्यांत आले. श्रीमंत राष्ट्रांनीं मिळून 2008 ते 2012 या मुदतींत आपले वायु 1990 च्या मानानें सरासरी पांच टक्क्यांनीं कमी करावे असें ठरलें. भारत, चीन इत्यादि राष्ट्रांवर आंकडा बसविला नाहीं. अमेरिकेच्या सेनेटनें त्याच वर्षाच्या जुलैमध्यें, म्हणजे करार होण्यापूर्वींच, 95 विरुद्ध शून्य मतांनीं ठराव केला होता कीं, इतरांवर बंधन नसलेला असा करार अमेरिकेनें करूं नये. पुढें अमेरिकेनें सही केली, पण करार कायम केला नाहीं. कॅनडा आंत आला होता, त्यानें 2011 च्या डिसेंबरांत बाहेर पडण्याची नोटीस दिली. दंड कोणासही झाला नाहीं.

यावरून असले करार मुळांतच फोल असतात असें मात्र कोणीं समजूं नये. शीतपेट्यांतील ज्या वायूंनीं ओझोनचा थर विरत होता, त्यांजविषयीं 1987 सालीं माँट्रिऑल येथें झालेला करार जगांतील प्रत्येक राष्ट्रानें पुढें मान्य केला, व तो पुष्कळ अंशीं पाळला गेला. ते वायु करणारे कारखाने मोजके होते. दुसरे वायु हाताशीं होते. करारांत न येणाऱ्या राष्ट्राशीं त्या मालाचा व्यापार बंद होता. आणि गरीब राष्ट्रांस दहा वर्षांची सवलत व बदलाच्या खर्चासाठीं निराळा निधि होता. कोळशाची गोष्ट वेगळी. त्यावर गिरणी चालते, दिवा लागतो, आणि आमच्या विहिरीवरचा पंपही बहुधा त्यावरच फिरतो.

2015 च्या डिसेंबरांत पॅरिस येथें झालेल्या करारानें दुसरीच वाट धरिली. तपमानाची वाढ दोन अंशांच्या बरीच खालीं ठेवावी, व दीड अंशावर थांबविण्याचा यत्न करावा, हा हेतु सर्वांचा. परंतु त्यासाठीं किती करावयाचें तें ज्याचें त्यानें ठरवावें. प्रत्येक खातेदारानें आपला सारा आपणच आकारावा, दर पांच वर्षांनीं तो वाढवावा, आणि न भरल्यास चावडीवर केवळ नांव वाचून दाखवावें, असा हा प्रकार आहे. आम्हांस तो पसंत आहे असें नाहीं. पण क्योटोच्या सक्तीनें जीं राष्ट्रें बाहेर राहिलीं तीं पॅरिसच्या सैलपणानें आंत आलीं, हेंही खरें. अमेरिका मात्र 2020 च्या नोव्हेंबरांत बाहेर पडली, 2021 च्या फेब्रुवारींत परत आली, आणि 2025 च्या जानेवारींत तिच्या अध्यक्षांनीं पुन्हा बाहेर पडण्याचा हुकूम काढला. भारतानें वीज उत्पन्न करण्याच्या क्षमतेपैकीं निम्मी क्षमता 2030 पर्यंत कोळसा-तेलाबाहेरची करण्याचें वचन दिलें होतें; तें 2025 सालींच पुरें झालें. तथापि सर्व राष्ट्रांनीं आपलीं वचनें पाळलीं तरी शतकाच्या अखेरीस वाढ दोन अंशांपलीकडे जाईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-संस्थेचा हिशेब आहे. 2025 च्या जुलैमध्यें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें, व्हानुआटु या चिमुकल्या बेटराष्ट्राच्या पुढाकारानें विचारलेल्या प्रश्नावर, असें मत दिलें कीं हवामानाचें रक्षण हें राष्ट्रांचें कायदेशीर कर्तव्य आहे, व तें मोडल्यास भरपाईचाही प्रश्न येऊं शकतो. हें मत सल्ल्यापुरतेंच आहे. पण पुढील वादांत तें पुढें आल्याशिवाय राहणार नाहीं.

आतां शेताकडे वळूं. पाणी भरलेल्या भातखाचरांत व रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटांत मिथेन नांवाचा वायु उत्पन्न होतो. आणि युरियासारख्या नत्रखतांचा जो अंश पिकास लागत नाहीं, त्यांतील कांहीं भागाचा नायट्रस ऑक्साइड बनतो. शंभर वर्षांच्या हिशेबानें, वजनास वजन, पहिला कर्बवायूच्या सुमारें 28 पट व दुसरा सुमारें 270 पट उष्णता धरितो. म्हणून 2021 सालीं ग्लासगो येथें शंभरावर राष्ट्रांनीं मिथेन 2030 पर्यंत एकंदरींत 30 टक्के कमी करण्याची प्रतिज्ञा केली. भारतानें तीवर सही केली नाहीं, व 2023 सालीं दुबई येथील शेतीविषयक जाहीरनाम्यावरही केली नाहीं. 2019 च्या पशुगणनेंत या देशांत गाईबैल व म्हशी मिळून 30 कोटींच्या वर भरल्या, आणि त्यांपैकीं कितीतरी दोन-चार जनावरें बाळगणाऱ्या कुटुंबांच्या दावणीला आहेत. पोटासाठीं निघणारा वायु व चैनीसाठीं निघणारा वायु एकाच मापानें मोजूं नये, ही भूमिका आम्हांस न्याय्य वाटते. डेन्मार्कनें 2030 पासून गुरांच्या वायूवर कर घेण्याचें ठरविलें आहे. न्यूझीलंडनें तशाच जातीचा आपला बेत 2024 सालीं सोडून दिला. तो कर मोठ्या गोठ्यांस झेपेल, आमच्या दावणीस नाहीं.

पण सही केली नाहीं म्हणून कांहींच करूं नये असें नव्हे. मिथेन सुमारें बारा वर्षांत हवेंतून नाहींसा होतो. म्हणून तो घटविल्याचा गुण लवकर येतो. खाचर सतत तुंबून न ठेवितां मधूनमधून सुकूं दिलें तर पाणी वांचतें, मिथेन बराच घटतो, आणि वेळ साधल्यास उत्पन्नांत सहसा तूट येत नाहीं. अर्थात् हें पाणी ज्याच्या हातांत आहे त्यानें करावयाचें. कोंकणांत पावसावर भरणाऱ्या खाचरांच्या मालकास हा उपदेश करणें व्यर्थ आहे.

पैशाची कथा फारशी सुखाची नाहीं. 2009 सालीं कोपनहेगन येथें श्रीमंत राष्ट्रांनीं 2020 पर्यंत दरसाल 10 हजार कोटी डॉलर उभे करण्याचें कबूल केलें. तो आंकडा 2022 सालीं प्रथम भरला, व त्यांतील बराच भाग कर्जाऊ होता. 2024 सालीं बाकू येथें गरीब राष्ट्रांनीं दरसाल 1 लक्ष 30 हजार कोटी मागितले. कबूल झाले 30 हजार कोटी, तेही 2035 पर्यंत. ठराव मंजूर झाल्याचा हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधींनीं उठून हरकत नोंदविली. नुकसानभरपाईचा निराळा निधि 2022 सालीं इजिप्तमध्यें मान्य होऊन पुढील वर्षीं दुबईस सुरू झाला. तेथें वचनें मिळालीं सुमारें 70 कोटी डॉलरांचीं. अतिवृष्टीनें वाहून गेलेल्या शेताचा पंचनामा त्या निधीपर्यंत पोंचेल अशी आशा तूर्त कोणीं धरूं नये.

एक गोष्ट मात्र बांधापर्यंत येऊं लागली आहे. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमानें, एका ठिकाणीं कमी केलेला वायु दुसऱ्यानें विकत घ्यावा अशी सोय केली असून तिचे नियम बाकूस पुरे झाले. या व्यापारासाठीं, आणि त्याबाहेरील ऐच्छिक बाजारासाठीं, कांहीं कंपन्या भात पिकविणाऱ्यांशीं किंवा झाडें लावणाऱ्यांशीं ‘कार्बन क्रेडिट’चे करार करीत आहेत. असा करार पुढें आला असतां मुदत किती वर्षांची, मोजणी कोण व कोणत्या रीतीनें करणार, विक्रीच्या रकमेपैकीं शेतकऱ्याचा हिस्सा किती व तो केव्हां मिळणार, आणि पाऊस किंवा कालवा चुकल्यामुळें अट मोडली तर तोटा कोणाच्या माथीं, हें लेखी विचारून घ्यावें. कागद मराठींत मागावा, आणि सही करण्यापूर्वीं त्याची एक नक्कल सोसायटीच्या कचेरींत दाखवावी.