पंखा रिमोटला दाद देत नाही?

परवा वागळे इस्टेटमध्ये शेजारच्या काकू रिमोट घेऊन दारात. "नवा बीएलडीसी पंखा, आणि मधूनच बंद पडतो रे!"

आधी भिंतीवरचं बटण बघा. ते बंद असेल तर पंख्यातल्या सर्किटला वीजच नाही, रिमोट बोलणार कुणाशी? काकूंचं बटण चालू होतं. मग मोबाइलचा सेल्फी कॅमेरा उघडला, रिमोटचं टोक समोर धरून बटण दाबलं. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला, म्हणजे रिमोट शाबूत. (रेडिओ लहरींवर चालणाऱ्या रिमोटला ही युक्ती चालत नाही.) ठिपका दिसला नाही तर सेल बदला, स्प्रिंगवरचा हिरवट थर खोडरबराने घासा. पावसाळ्यात तो हमखास धरतो.

खरा चोर निघाला जुना रेग्युलेटर! साध्या पंख्याचा वेग तो वीज छाटून कमी करतो. बीएलडीसीच्या सर्किटला मात्र अखंड 230 व्होल्ट लागतात, वेग ते स्वतःच सांभाळतं. रेग्युलेटर दोनवर होता, म्हणून पंख्याला मधूनच झटके. इलेक्ट्रिशियनला सांगून तो वायरिंगमधून काढायला लावला, बटणातून थेट जोडणी. दहा मिनिटांचं काम. रेग्युलेटरची खुंटी काकूंनी तशीच ठेवलीय, भोक वाईट दिसतं म्हणून.